शिवपुरीचे रान आणि आपण पाहुणे

शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानाला मार्च २०२५ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि आम्हां ग्वाल्हेरकरांत सहलीचे बेत शिजू लागले. शिंद्यांच्या शिकारीचे हे राखीव रान मधली कित्येक वर्षे वाघावाचून ओस होते. मार्च २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून सोडले, तेव्हा ते पुन्हा नांदते झाले. ह्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु पाहुण्याने यजमानाची सोय पाहावी की आपली, हे आताच ठरलेले बरे.

प्रवासी नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. ज्या रानाकडे कोणी फिरकत नाही, त्याची वास्तपुस्तही कोणी करीत नाही. शिवाय आसपासच्या सहरिया वस्त्यांना हाताला काम हवे आहे. वाटाड्याचे वा जिप्सी हाकण्याचे काम मिळून चार घरच्या चुली पेटल्या, तर त्या घरांना वाघ आपला वाटेल. शेजारच्या कुनोतून गीरच्या सिंहांसाठी म्हणून २४ गावे उठवली. सिंह आलेच नाहीत. २०२२ मध्ये आले ते चित्ते. ज्यांनी गाव सोडले त्यांच्या पदरात प्रवाशांच्या पैशांतले काय पडते, हे विचारल्यावाचून विकासाच्या गोष्टी करू नयेत.

दुसरी गोष्ट गोंगाटाची. रानात वाघ बहुधा आधी कानाला कळतो. चितळ ओरडते, वानर झाडावरून खाकरते, सांबराची हाक दरीत घुमते आणि जाणता वाटाड्या तेवढ्यावरून दिशा सांगतो. दहा गाड्यांची इंजिने घुरघुरत असली की हे सारे बुडते. आम्ही शिकाऊ मुलांना गळा उघडण्याआधी ऐकावयास बसवतो. रानातही तोच रिवाज हवा. माणसाची नुसती मौज हुकते, पण पाणवठ्याची वाट गाड्यांनी अडवली तर पिल्ले घेऊन निघालेल्या वाघिणीने जावे कोठे?

नियम नाहीत असे नाही. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील फार तर २० टक्के क्षेत्र पर्यटनास वापरावे आणि गाड्यांची संख्या रानाला सोसेल इतकीच ठेवावी, असे केंद्राने २०१२ मध्येच सांगून ठेवले आहे. खरी कसोटी नाताळ-दिवाळीच्या सुटीत लागेल. तेव्हा हॉटेलवाले चार गाड्या वाढवून मागतील आणि आपल्यातलेच कोणी ओळखीचा साहेब शोधतील.

बैठक भरली की दार लावून घेतात. उशिरा आलेला रुसतो, पण गाणे वाचते. शिवपुरीतही दार असेच लागावे. वाटाडे भोवतालच्या गावांतलेच असावेत आणि शुल्काचा ठरावीक वाटा त्याच गावांना मिळावा. एके काळी हे रान एका राजासाठी राखले होते. आता ते ज्याची थैली जड त्याच्यासाठी राखले गेले, तर बदलले काय? ज्यांना आत जागा मिळणार नाही, त्यांनी साख्यसागराच्या काठी घटकाभर बसावे. २०२२ पासून रामसर यादीत असलेल्या ह्या तळ्यावर मगरी आहेत, पाखरे आहेत. तेथेही ऐकण्यासारखे पुष्कळ आहे.