चित्र सर्वांचे, स्वाक्षरी मोजक्यांची

जी वस्तू रस्त्यावरच्या भिंतीला चिकटावी, उन्हापावसात विटावी आणि प्रयोजन सरताच दुसऱ्या कागदाखाली झाकली जावी म्हणून निर्माण झाली, तीच काही दशकांनी कपाटात कडेकोट बंदोबस्तात ठेवली जाते आणि कोपऱ्यातील शिसपेनीचा अंक पाहून तिचे मोल ठरते, हा व्यवहार प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. आंतरराष्ट्रीय क्रीडामहोत्सवांसाठी नामांकित चित्रकारांनी केलेल्या मर्यादित प्रतींच्या पोस्टरांचा संग्रह हा त्याचा ठळक दाखला होय. तथापि त्या संग्राहकांची सरसकट हेटाळणी करणे मला न्याय्य वाटत नाही.

संग्राहकाची दुर्मीळतेची हौस आणि सर्वसामान्यांचा चित्रावरचा हक्क यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाचा 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकच्या चालकांनी केलेला निवाडा आजही विचारार्ह आहे. महोत्सवाची अधिकृत पोस्टरे ओट्ल आयखर यांच्या शिस्तबद्ध आरेखनाकडे सोपवूनही त्यांनी ‘एडिशन ऑलिंपिया’ नावाची स्वतंत्र चित्रमाला काढण्याची तजवीज केली, आणि वयोवृद्ध ऑस्कर कोकोश्कापासून तरुण डेव्हिड हॉकनीपर्यंत भिन्न पंथांचे चित्रकार एका पंक्तीला बसविले. कोकोश्काने प्राचीन ग्रीक युवकमूर्तीला आवाहन केले, हॉकनीने पाण्यात सूर मारणारा जलतरणपटू रंगविला, जेकब लॉरेन्सने रिले शर्यतीतील कृष्णवर्णीय धावपटूंच्या देहांत विलक्षण ताण भरला, तर पिएर सुलाजने खेळाडूचे चित्र न काढता निव्वळ अमूर्त आकारांवर भागविले.

यातील मर्म असे की, स्वाक्षरी व क्रमांक असलेल्या प्रती प्रत्येक चित्रामागे 200 वर थांबविल्या गेल्या, पण तेच चित्र साध्या पोस्टराच्या रूपाने सामान्य माणसाच्या ऐपतीत आणले गेले. धनिकाला दुर्मीळतेचा आनंद मिळाला, परंतु त्यापायी विद्यार्थ्याची भिंत ओकी राहिली नाही. 2012 च्या लंडन महोत्सवासाठी ब्रिजेट रायली, रेचल व्हाइटरीड, ट्रेसी एमिन आदी बारा कलावंतांनी केलेल्या पोस्टरांचेही स्वाक्षरीचे व साधे असे दोन्ही प्रकार विक्रीस होते.

कलावंत स्वतः प्रत तपासून सही करतो, तेव्हा त्याच्या श्रमाला स्वाभाविक सीमा असते, आणि तेवढी दुर्मीळता खरी होय. परंतु यंत्रावर लाखो प्रती निघू शकत असता केवळ भाव चढावा म्हणून चित्रच अडवून धरणे, ही निव्वळ साठेबाजी ठरते. जो महोत्सव सरकारी खजिन्याच्या साहाय्याने, म्हणजे करदात्याच्या पैशाने उभा राहतो, त्याच्या चालकांवर हे बंधन करारातच घातले पाहिजे की, मर्यादित आवृत्तीबरोबर तेच चित्र अमर्याद व अल्प मोलात उपलब्ध व्हावे. संग्राहकाने स्वाक्षरीसाठी हवी तेवढी रक्कम खुशाल मोजावी. चित्राचा मक्ता मात्र कोणालाही मिळू नये.