शाळा उघडण्याचा उलटा क्रम

मार्च २०२० मध्ये शाळा बंद कराव्यात की नाही, याविषयी फारसा मतभेद नव्हता. रोग नवा होता, त्याची गती कोणाला ठाऊक नव्हती आणि मुलांकडून तो घरातील वृद्धांपर्यंत कितपत पोहोचतो हे छातीठोकपणे सांगणारा तज्ज्ञ जगात कोठेही नव्हता. अशा वेळी शासनाने शाळांना कुलपे लावली यात त्याचे काही चुकले, असे म्हणता येणार नाही. खरा प्रश्न कुलूप लावण्याचा नव्हताच. ते कोणासाठी आधी काढावयाचे, किती मुलांना आत घ्यावयाचे आणि हा निर्णय कोणी करावयाचा, हा प्रश्न होता. त्याचे महाराष्ट्रात जे उत्तर दिले गेले ते शिक्षणशास्त्र, वैद्यक आणि अर्थशास्त्र या तिन्हींच्या कसोटीवर उलटे होते. साथ ओसरली तशी ही चर्चाही ओसरली. वस्तुतः तिची खरी वेळ आताच आहे, कारण संकट दारात उभे असताना क्रम ठरवू लागले म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा क्रमांक पहिला लागतो.

घटनाक्रम एकदा ओळीने मांडून पाहावा. मे २०२० च्या आरंभी मद्याची दुकाने उघडली. ५ ऑगस्टला मॉल उघडले, ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे व मद्यालये, ५ नोव्हेंबरला चित्रपटगृहे आणि १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या मुहूर्तावर, प्रार्थनास्थळे. त्यानंतर २३ नोव्हेंबरला शाळांची पाळी आली. तीही फक्त नववी ते बारावीची, आणि तीही स्थानिक प्रशासनाच्या संमतीने. मुंबईत ती आलीच नाही. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून मुंबईबाहेर सुरू झाले. पहिली ते चौथीचा विचार होण्यापूर्वीच दुसरी लाट आली. ती ओसरल्यावर जुलै २०२१ मध्ये कोविडमुक्त गावांत पुन्हा आठवी ते बारावीच. ऑगस्टमध्ये जाहीर झालेला पुढचा टप्पा कृती दलाच्या हरकतीमुळे स्थगित झाला. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून वर्ग भरले. त्याच महिन्यात चित्रपटगृहे दुसऱ्यांदा उघडली. पहिली-दुसरीच्या मुलांना शाळेचे दार दिसले ते १ डिसेंबर २०२१ रोजी, मुंबईत तर डिसेंबरच्या मध्याला. आणि जानेवारीत ओमायक्रॉनच्या भीतीने ते पुन्हा काही आठवडे बंद झाले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल शाळेच्या बाकावर प्रथम बसले तेव्हा त्याच्या दुसरीच्या वर्षाचा बराच भाग उलटून गेला होता.

या क्रमामागे केवळ बेफिकिरी होती असे मानणे अन्यायाचे ठरेल. उपाहारगृहे, दुकाने यांवर लाखो लोकांची रोजची चूल अवलंबून होती आणि शासनाची तिजोरी रिकामी होत चालली होती. मालकांच्या संघटना होत्या, त्यांची शिष्टमंडळे मंत्रालयात जात होती, आणि त्यांच्या तोट्याचा आकडा रुपयांत मांडता येत होता. सात वर्षांच्या मुलाची संघटना नसते. त्याचा तोटा त्या वर्षीच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. तो दहा-पंधरा वर्षांनी त्याच्या मजुरीच्या दरात दिसतो, आणि तोवर निर्णय करणारे मंत्री व सचिव दोघेही बदललेले असतात. आजचा दृश्य तोटा उद्याच्या अदृश्य तोट्यापेक्षा मोठा भासावा हा मनुष्यस्वभाव आहे. शासन नावाची संस्था काही अंशी तरी या स्वभावाला आवर घालण्यासाठी असते.

परीक्षेसाठी थोरले आधी

शाळांच्या अंतर्गत क्रमातही थोरले आधी आणि धाकटे शेवटी, असा न्याय लावला गेला. त्याची दोन कारणे दिली जात. मोठी मुले मुखपट्टी नीट वापरतात, हे एक. आणि दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, हे दुसरे. पहिल्या कारणात तथ्य आहे. दुसऱ्याचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. ज्या परीक्षांसाठी हा अग्रक्रम दिला त्या २०२१ च्या दोन्ही परीक्षा अखेर रद्द कराव्या लागल्या.

युरोपातील काही देशांनी याच्या नेमका विरुद्ध मार्ग पत्करला. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी बालवाड्या आणि खालचे वर्ग प्रथम उघडले. वरचे वर्ग मागाहून. इंग्लंडने १ जूनला जे वर्ग बोलावले त्यांत अगदी पहिल्या पायरीवरची मुले होती. त्यांचा विचार सरळ होता. सोळा वर्षांचा विद्यार्थी पुस्तक घेऊन एकटा बसू शकतो, सहा वर्षांचा बसू शकत नाही. शिवाय धाकटे मूल घरी असले की आई किंवा बाप, बहुधा आईच, कामावर जाऊ शकत नाही. आणि या रोगाचा गंभीर आघात लहान मुलांवर सर्वांत कमी होतो, हे तोपर्यंत दिसू लागले होते. ते देश श्रीमंत आहेत, त्यांच्या वर्गखोल्या प्रशस्त आहेत, म्हणून त्यांचे उदाहरण येथे लागू नाही, असे म्हणता आले असते. परंतु जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांनीच, शाळा उघडावयाच्या तर प्राथमिक शाळांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे होईल, असे जाहीरपणे सांगितले. त्याच वेळी परिषदेच्या चौथ्या देशव्यापी पाहणीत सहा ते सतरा वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे देशभर बहुतेक शाळा, निदान खालचे वर्ग, बंद असतानाही विषाणूने मुलांना गाठलेच होते. तरीही महाराष्ट्रात पुढचे साडेचार महिने प्राथमिक वर्ग बंदच राहिले. तिसरी लाट मुलांवर येणार, ही भविष्यवाणी घराघरांत पोहोचली होती. तिला वैद्यकीय आधार तुटपुंजा होता. पण भीतीला आधार लागत नाही.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकविला जातो. भुकेल्याला पहिली भाकरी जितकी मोलाची, तितकी चौथी नसते. शाळेच्या दिवसांनाही हा नियम लागू पडतो. ज्या मुलाला आठवड्यात एकही दिवस शिक्षक दिसत नाही, त्याला मिळणारे पहिले दोन दिवस हे, चार दिवस शाळेत जाणाऱ्याला मिळणाऱ्या पाचव्या-सहाव्या दिवसाहून कितीतरी अधिक मोलाचे असतात. साठ मुलांचा वर्ग आणि वीस मुलांचीच परवानगी असेल तर तीन गट करून प्रत्येकाला आठवड्यातून दोन दिवस बोलावता येते; दोन अधिवेशने भरविली तर चार दिवस. त्याची किंमत आहेच. शिक्षकाला तोच धडा तीनदा शिकवावा लागतो, आणि उरलेल्या गटांकडे दूरध्वनीवरून लक्ष देण्यास त्याला त्राण उरत नाही. तरीही सर्वांना थोडे, हे तत्त्व काहींना पुष्कळ आणि बाकीच्यांना शून्य या तत्त्वापेक्षा सरस ठरते; आणि सर्वांना देणे अशक्यच असेल तर पहिला हिस्सा अक्षरओळखीच्या वयाला मिळावयास हवा, कारण त्या वयाला शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासाला पर्याय नाही.

पर्याय दिला गेला होता, हे नाकारण्याचे कारण नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशा नावाची अभ्यासमाला निघाली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली, सोलापूरच्या नीलमनगरात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. या खटपटींचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा प्रभृतींनी पंधरा राज्यांतील वंचित कुटुंबांत केलेल्या पाहणीत, ग्रामीण भागातील अवघी ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत असल्याचे आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नसल्याचे आढळले. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ वर पोहोचले. काही निराशावाद्यांनी वर्तविलेला सर्वनाश झाला नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले बहुतांशी साथ ओसरल्यावर पहिलीत आलेली होती. ज्यांची पहिली-दुसरी बुडाली ती मुले तेव्हा पाचवीत होती, आणि पाचवीचा आकडा २०१८ च्या ५०.५ वरून ४८.८ इतकाच सावरला होता. जी मुले वर्गात परतली त्यांचे नुकसान शिक्षकांच्या श्रमाने बऱ्याच अंशी भरून निघाले, एवढाच याचा अर्थ. जी परतली नाहीत ती वाचनाच्या या टक्केवारीत नाहीत.

एक आदेश, असमान शाळा

राज्यभर एकच आदेश, ही दुसरी गफलत. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा तेव्हा सुमारे पंधरा हजार होत्या. डोंगरातील वस्तीवर एक-दोन खोल्या, पुढे पडवी, बाहेर मोकळे पटांगण आणि बारा-पंधरा मुले. शासनाने पुढे वर्गासाठी पंधरा ते वीस विद्यार्थ्यांची मर्यादा घातली. या शाळा ती मर्यादा साथीच्या आधीपासूनच पाळीत होत्या. तेथे गट पाडावयाचे नव्हते की अधिवेशने वाढवावयाची नव्हती. तरी त्यांना, एका खोलीत साठ मुले कोंबणाऱ्या शहरी शाळेचाच नियम लागू झाला. (याच शाळा २०२३ मध्ये, पट कमी म्हणून, समूह शाळांत विलीन करण्याचा प्रस्ताव पुढे आला. लहानपणाचा लाभ मिळाला नाही, शिक्षा मात्र होऊ घातली.)

येथे एक आक्षेप रास्त आहे. वस्तीवर रोग नसला तरी शिक्षक वस्तीवर राहत नाही. तो तालुक्याच्या गावाहून दुचाकीने येतो, आणि रोग त्याच्याबरोबर येऊ शकतो. म्हणूनच लसीकरणात शिक्षकाचा क्रमांक वरचा असावयास हवा होता. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. शिक्षकांना अग्रक्रमाने लस द्यावी, अशी सूचना केंद्राने राज्यांना केली ती ऑगस्टअखेरीस. दरम्यान याच शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणास आणि तपासणी नाक्यांवर पाठविण्यात कोणाला धोका वाटला नव्हता. पंधरा मुलांच्या वर्गात उभा राहणारा शिक्षक धोकादायक आणि दोनशे उंबरठे झिजविणारा शिक्षक निर्धोक, हा हिशेब कोणत्या गणिताने मांडला गेला?

खबरदारीचे म्हणून जे उपाय झाले त्यांतही जंतुनाशकाची फवारणी आणि कपाळावर रोखलेला तापमापक यांचाच बोलबाला होता. रोग हवेतून पसरतो हे स्पष्ट झाल्यावर भर खिडक्यांवर, पडवीवर, झाडाखालच्या वर्गावर यावयास हवा होता. सप्टेंबर २०२० च्या मध्यानंतर रुग्णसंख्या उतरू लागली आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उतरलेलीच राहिली. महाराष्ट्रात पाऊस संपल्यावर उघड्यावर वर्ग भरविण्यास याहून चांगला काळ नसतो. निसर्गाने चार महिने दिले होते. प्राथमिक शाळांनी त्यांतला एक दिवसही वापरला नाही. मुंबईत अर्थातच झाडाखाली वर्ग भरविणे सोपे नव्हते. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांबरोबर दिवस काढणाऱ्या मुलाला महापालिकेच्या शाळेची उंच छताची खोली घरापेक्षा अधिक सुरक्षित ठरली असती, हेही विसरता कामा नये. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात न्यूयॉर्क शहराने शाळा चालू ठेवल्या त्या याच तर्काने: मूल कोंदट घरात राहण्यापेक्षा शाळेच्या परिचारिकेच्या नजरेखाली असलेले बरे.

पुढच्या साथीसाठी काय लिहून ठेवावे, हे यातून निघते. शाळा आधी, आणि शाळांत प्राथमिक आधी. उपाहारगृहांवरील निर्बंध सैल करण्यापूर्वी शाळांचा टप्पा पूर्ण झाला पाहिजे, असा दंडक असावा. पट, खोल्यांचे क्षेत्रफळ, खिडक्या आणि शिक्षकाचे राहण्याचे ठिकाण यांची नोंद प्रत्येक शाळेत आजच करून ठेवावी, म्हणजे किती मुले एका वेळी बसू शकतील हे साथ आल्यावर शोधावे लागणार नाही. निर्णय तालुका व ग्रामपंचायत यांच्या पातळीवर व्हावा. जुलै २०२१ मध्ये सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमून शासनाने त्याची वाट दाखविलीच होती, फक्त ती आठवीच्या वरच थांबली. दुसऱ्या लाटेसारखा प्रलय आला तर शाळा बंद कराव्या लागतील, यात शंका नाही. पण त्या आदेशातच फेरविचाराची तारीख असावी, आणि ती उलटल्यास बंदी आपोआप संपावी.

आणखी एक तारीख त्या दंडकात असावयास हवी. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची मुले ऑक्टोबर-नोव्हेंबरात आईबापांबरोबर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २०२० मध्ये शाळेची पहिली घंटा २३ नोव्हेंबरला झाली आणि २०२१ मध्ये प्राथमिकची १ डिसेंबरला. दोन्ही वर्षी गावे तोवर रिकामी झाली होती. जून ते सप्टेंबर हे चारच महिने या मुलांचे शाळेचे खरे वर्ष असते. तेवढे चार महिने उघडी ठेवलेली शाळा आणि गळीत हंगामासाठी वेळेवर सुरू झालेले हंगामी वसतिगृह, यांची तरतूद कोणत्याही टप्प्यात नव्हती.