आठच का गेले?

२०२२ पासून महाराष्ट्रात ‘गद्दार’ हा शब्द इतका स्वस्त झालाय की पानटपरीवरही दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. गंमत म्हणजे तो नेहमी पलीकडे गेलेल्यालाच चिकटतो. तोच माणूस आपल्याकडे आला असेल तर? ‘स्वगृही परतले’, ‘विकासासाठी प्रवेश’, गळ्यात उपरणं, ढोलताशे, पेढे.

मित्रहो, मत बदलणं हा गुन्हा नाही. १९४८ साली आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे समाजवादी सहकारी काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी आजच्या उत्तर प्रदेशातल्या विधानसभेचे राजीनामेही दिले. काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलो, मग ही जागा आपली कशी, इतकं साधं गणित. पोटनिवडणुकीत नरेंद्र देव पडले. (त्यांना हरवणारे बाबा राघवदास जन्माने पुणेकर, हे जाता जाता.) अशा माणसाला गद्दार म्हणायला जीभ रेटेल का तुमची?

आता आजचं बघू. आपल्याकडचं उदाहरण घेतलं की लगेच दोन तट पडतात, म्हणून शेजारचं गोवा घेतो. जानेवारी २०२२, निवडणूक तोंडावर. काँग्रेसने उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा असं तिन्हीकडे नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. कारण २०१९ मध्ये त्यांच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले होते. मार्चमध्ये ११ निवडून आले. १४ सप्टेंबरला त्यातले ८ भाजपमध्ये! माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत तर म्हणाले, मी देवाला विचारूनच निर्णय घेतला. घ्या.

हे आकडे नीट बघा. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एकटा गेला तर अपात्र, पण दोन तृतीयांश आमदार गेले तर ते ‘विलीनीकरण’. १५ चे दोन तृतीयांश १०. गेले १०. ११ चे दोन तृतीयांश सातच्या थोडे वर, म्हणजे किमान ८. गेले ८. मनं अशी मोजूनमापून बदलतात होय? सातच गेले असते तर आमदारकी धोक्यात. आठवा आला आणि सगळेच पावन झाले. एकाने पाकीट मारलं तर चोर, गल्लीतल्या दोन तृतीयांश लोकांनी मिळून मारलं तर काय ती सहकारी संस्था?

आणि ज्याने सतरंज्या उचलल्या, पक्षापायी सख्ख्या चुलतभावाशी बोलणं तोडलं, त्या कार्यकर्त्याचं काय? नेता सकाळी पलीकडे, ह्याने संध्याकाळपर्यंत डीपी बदलायचा. नाही बदलला, जागेवरच उभा राहिला, तर साहेबांची माणसं त्यालाच गद्दार म्हणतात. मतदाराला तर कुणी विचारतसुद्धा नाही.

पक्ष सोडायचाय ना? खुशाल सोडा. राजीनामा द्या, नवं चिन्ह घेऊन परत आमच्या दारात या. पुढच्या निवडणुकीत जो कुणी हात जोडून येईल, कुठल्याही पक्षाचा असो, त्याला मी एवढंच विचारणार आहे: विलीनीकरणाची ही सूट रद्द करायला तुमचा पक्ष संसदेत हात वर करणार का? हो की नाही?