टायरची जन्मतारीख

आमचा पुतण्या जर्मनीत असतो. ऑक्टोबर उजाडला की त्याचा फोन येतो, "काका, हिवाळी टायर चढवले का?" त्यांच्याकडे ऑक्टोबर ते ईस्टर हा टायरांचाही ऋतू. पारा ७ अंशांखाली गेला की साधं रबर कडक होऊन रस्त्याची पकड सोडू लागतं. म्हणून मऊ रबराचे, बारीक चिरा पाडलेले निराळे टायर. मी दरवर्षी हसायचो. आपला हिवाळा म्हणजे पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा. त्यात तो मऊ टायर भराभर झिजेल, शिवाय गाडी थांबायला अंतरही जास्त घेईल.

गेल्या भाऊबीजेपासून मात्र मी हसत नाही.

पुण्याहून लातूरला बहिणीकडे निघालो होतो. आई, सौ., दोन्ही मुलं आणि डिकीत फराळाचे डबे. गाडी जुनी घेतलेली. पण आधीचे मालक निवृत्त, गाडी क्वचितच बाहेर काढणारे. सौ. म्हणाली होती, "टायर एकदा दाखवून घ्या हं." मी म्हटलं, "अगं, नक्षी बघ की! नव्यासारखी आहे."

बार्शी मागे टाकून बालाघाट चढलो आणि येडशीजवळ स्टिअरिंग थरथरू लागलं. पंक्चरवाल्यानं वाकून पाहिलं. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता! शेजारच्याच चार आकड्यांवर त्यानं बोट ठेवलं : २९१५.

"साहेब, २०१५ सालचा एकोणतिसावा आठवडा. नक्षी हाय, पन रबर वाळलंय. पोरंबाळं घिऊन ह्याच्यावर जाऊ नगा."

गाडी उभी राहिली तरी रबराचं वय थांबत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अशा टायरला मग खड्ड्याचा दणका सोसत नाही. उरलेल्या तिन्ही टायरांवर तोच आकडा. स्टेपनीवरही तोच! पलीकडे झाडाखाली आई नातवंडांना सीताफळ फोडून देत होती. तिच्याकडे पाहायचं मला धैर्य होईना.

स्टेपनी चढवून हळूहळू धाराशिव गाठलं आणि पाचही टायर नवे घेतले. तेव्हा चार गोष्टी शिकलो, त्या सांगतो.

टायर घेताना किमतीआधी ते चार आकडे वाचावेत : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणत्याला दाखवावेत. दहाव्या वर्षी नक्षी कितीही शाबूत असली तरी निरोप द्यावा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानंच टायर बाद. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत. मागची चाकं घसरली की गाडी आवरत नाही. आणि हवा गाडी गार असताना, दाराजवळच्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. पारा १० अंश उतरला की हवा दीड-दोन पौंडांनी कमी होते.

हिवाळ्यात आपल्या रस्त्यांवर बर्फ नसतं, पण उसाच्या ट्रॉल्या असतात. पुष्कळशा मागच्या दिव्याविना. संध्याकाळी अशी ट्रॉली अवचित पुढे आली की आपल्या हाती उरतो तो ब्रेक, आणि ब्रेकच्या हाती टायर.

औक्षण व्हायला रात्रीचे साडेनऊ वाजले. बहीण रागावली होती. ओवाळणी घालताना मी तिला उशिराचं खरं कारण सांगितलं, तेव्हा निरांजनाचं तबक तिच्या हातात क्षणभर हललं.

यंदा पुतण्याच्या फोनची वाट पाहिली नाही. मीच केला.