विश्लेषण : जत्रेला भरणारे गाव १ मेच्या ग्रामसभेला रिकामे का?

रंगपंचमीला वाई तालुक्यातल्या बावधनचे बगाड निघते आणि तिथून पुढे दोन महिने यात्रा-जत्रांचा हंगाम सुरू होतो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, चैत्रातच शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाट चढून जातात. या मोठ्या यात्रांच्या आगेमागे शेकडो लहान गावांच्या जत्रा असतात. मुंबई-पुण्यात नोकरी करणारी आमच्यासारखी मुले या काळात रजा टाकून गावी जातात. मात्र त्याच हंगामात गावात आणखी एक महत्त्वाचा कार्यक्रम असतो आणि त्यासाठी सहसा कोणी रजा टाकत नाही. तो म्हणजे १ मेची ग्रामसभा.

जत्रा कशी उभी राहते?

जत्रेसाठी गावाला कुणी प्रशिक्षण देत नाही. बैठक बसते, घरटी वर्गणी ठरते, पालखीचा मान, कुस्त्यांचा फड, तमाशा, पाण्याची सोय, वाहनतळ अशी कामे वाटली जातात. आमच्या गावच्या जत्रेची वर्गणी गेली काही वर्षे मोबाइलवरून जमा होते आणि त्याची यादी ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. इंजिनीअर असल्याचा गावाला झालेला हा एवढाच उपयोग. जत्रा संपली की हिशेब वाचला जातो आणि मंडपवाल्याला दोन हजार जास्त का दिले, यावर तासभर वाद होतो.

गेल्या वर्षी हा वाद ऐकून चुलते म्हणाले, "एवढी चौकशी पंचायतीच्या पैशाची केली असती तर पाण्याची टाकी कधीच झाली असती." मी हसलो आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला परत आलो. टाकी अजून झालेली नाही.

१ मेच्या सभेत काय होते?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या त्यांच्या रूढ तारखा. आर्थिक वर्षातली पहिली सभा १ एप्रिलपासून दोन महिन्यांच्या आत घेणे बंधनकारक आहे. म्हणून १ मेच्या सभेचे महत्त्व इतर तिघींपेक्षा वेगळे. गेल्या वर्षाचे जमाखर्चाचे विवरण, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षणातील शेरे आणि चालू वर्षात करायची कामे हे सारे वर्षाच्या पहिल्या सभेपुढे ठेवायचे असते. थोडक्यात, जत्रेनंतर वाचला जातो तसाच हा हिशेब, फक्त रक्कम कितीतरी मोठी.

सभेला कोण जाऊ शकते?

गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. नोकरी पुण्यात आणि मत गावात, अशा हजारो तरुणांनाही तिथे बसण्याचा, विचारण्याचा आणि मत देण्याचा पूर्ण हक्क आहे. शिवाय नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशीही कायद्यात तरतूद आहे. पाणी, शौचालय, अंगणवाडी हे विषय चारचौघांत मांडायला संकोच वाटत असेल तर ते आधी तिथे मांडता येतात.

गणपूर्ती झाली नाही तर?

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. ४०० मतदारांच्या गावात ६० जण पुरतात, २,००० मतदारांच्या गावात १००. तेवढे लोक न आल्यास सभा तहकूब होते. खरी मेख पुढे आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून निर्णय थांबत नाही. तो दहा-पंधरा जणांत होतो आणि गावाचा निर्णय म्हणून नोंदला जातो.

'सगळे आधीच ठरलेले असते' हे खरे नाही का?

बऱ्याच ठिकाणी खरे आहे. भर उन्हात, पंख्याविना, विषयपत्रिका घाईघाईने वाचून संपणाऱ्या सभा मीही पाहिल्या आहेत. वर्षातून दोनदा येणाऱ्याने गावाला शहाणपण शिकवू नये, हा आक्षेपही रास्त आहे. टँकरच्या रांगेत आम्ही उभे राहत नाही, आमची आई आणि काकू राहतात. पण म्हणूनच आमचे जाणे गरजेचे वाटते. बोलायला नव्हे, संख्या भरायला आणि कागद वाचायला. सभा ठरवून उरकता येते ती समोर मोजकी माणसे असतात म्हणून. शंभर जण बसलेले असताना जमाखर्च न वाचता पुढे सरकणे कुणालाही अवघड जाते.

ग्रामसभा मनावर घेतली तर काय होते, हे हिवरे बाजारने दाखवले आहे. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि कोणती पिके घ्यायची हे त्यावरून ठरते. त्यासाठी पोपटराव पवारांसारखे नेतृत्व लागले, हे खरेच. पण त्या नेतृत्वाचे ऐकायला आणि त्याला प्रश्न विचारायला गावही सभेत बसले.

यंदा काय करता येईल?

पहिले, मतदार यादीत आपले नाव नेमके कुठे आहे ते तपासा. नाव शहरात हलवले असेल तर गावच्या सभेत तुम्हाला मत नाही. अशा वेळी घरातल्या मतदारांना सभेला जाण्याचा आग्रह धरा.

दुसरे, जाण्याआधी ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडा. २४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे पंचायतराज दिनी, ते सुरू झाले. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्चाच्या नोंदी तिथे पाहता येतात. रकाने किचकट आहेत, पण कार्यालयात दिवसभर तक्ते पाहणाऱ्यांना ते अवघड जाऊ नये. त्यातली आपल्या गावाची माहिती साध्या मराठीत एका पानावर लिहून गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका.

तिसरे, सभेत एकच प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. टाकीचे काम कोणत्या टप्प्यावर आहे, एवढा प्रश्नही पुरेसा आहे. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचताना तो पुन्हा समोर येतो.

चौथे, जत्रेच्या बैठकीतच १ मेचा विषय काढा. वर्गणीच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला सभेचा निरोप गेला तर गणपूर्तीची चिंता उरणार नाही. ती यादी तयारच असते.

आमच्या गावची यादी माझ्याच मोबाइलमध्ये आहे. गेल्या वर्षी तिच्यावरून मी पालखीचे फोटो पाठवले होते. यंदा सभेची वेळ पाठवणार आहे, आणि १ मेला परतीच्या गाडीत न बसता सभेत बसणार आहे.