नव्वदीतला रुपया आणि आमची बँकॉक ट्रिप

‘बँकॉक पक्कं’ हे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव. जुलैमध्ये ग्रुप झाला, ऑगस्टमध्ये विमानाची तिकिटं काढली, जानेवारीत निघायचंय. आम्ही चौघं, चौघांचाही पहिलाच परदेश प्रवास. खर्चायला प्रत्येकी ५०० डॉलर असं ठरलं होतं. ३ डिसेंबरला ग्रुपवर एकाने बातमीचा स्क्रीनशॉट टाकला. रुपया पहिल्यांदाच डॉलरमागे नव्वदीपार. खाली दोन रडके इमोजी आणि मग एकीचा प्रश्न, ‘आज घ्यायचे की थांबायचं?’ त्यावर लगेच दुसऱ्याचा मेसेज, ‘अगं, तू पेपरात आहेस ना, तू सांग.’

पेपरात असले तरी मी इंटर्न आहे आणि मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून पुढचे आठ-दहा दिवस बँक, मनी चेंजर, ट्रॅव्हल एजंट अशा चकरा मारल्या, नियम वाचले. त्यातून कळलं की आमचा प्रश्नच थोडा चुकला होता.

रुपया का घसरला?

२०२५ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण साडेपंच्याऐंशी रुपये पडत होते. डिसेंबरात नव्वद. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, त्यामुळे निर्यातीला म्हणजे डॉलर येण्याच्या वाटेला फटका बसला. परदेशी गुंतवणूकदार वर्षभर आपल्या शेअर बाजारातून पैसे काढत राहिले आणि पैसे काढताना ते रुपये देऊन डॉलर घेतात. त्यात ऑक्टोबरमध्ये सोन्याची आयात इतकी वाढली की महिन्याची व्यापारी तूट ४१ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. डॉलर मागणारे जास्त आणि देणारे कमी, की भाव चढणार. भाजी मंडईचाच नियम.

आता ‘थांबावं का?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की रुपया पुढच्या महिन्यात कुठे असेल हे ज्यांचा हा धंदा आहे त्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. ५०० डॉलरवर एक रुपयाचा फरक म्हणजे ५०० रुपये. तेवढ्यासाठी रोज सकाळी रेट बघून बीपी वाढवण्यात अर्थ नाही. खरा फरक दुसरीकडे पडतो.

डॉलर नाही, तिथलं चलन बघा

सगळ्या बातम्या डॉलरच्या. पण आम्ही थायलंडमध्ये डॉलर थोडेच खर्च करणार आहोत? तिथे चालतो बाट. आणि २०२५ मध्ये बाट डॉलरपेक्षाही वधारला. जानेवारीत एक बाट अडीच रुपयांच्या आसपास होता, डिसेंबरात पावणेतीनच्या पुढे होता. म्हणजे डॉलर पाचेक टक्क्यांनी महागला, पण आमची बँकॉक ट्रिप दहा टक्क्यांहून जास्त महागली. ५०० डॉलर नेले तरी त्यात पूर्वीइतकं पॅड थाई येणार नाही!

उलट व्हिएतनामचं चलन डोंग डॉलरसमोर स्वतःच घसरलं. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या आपल्या माणसाला वर्षभरात फार फरक जाणवलेला नाही. ‘रुपया पडला, आता परदेश बंद’ असं म्हणण्याआधी नेमका कुठला परदेश ते बघायला हवं.

सगळ्यात जास्त झळ बसली ती युरोवाल्यांना. माझ्या कॉलेजातला एक मित्र मास्टर्ससाठी जर्मनीला निघालाय. तिथल्या स्टुडंट व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका खास खात्यात ठेवावी लागते. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. ही रक्कम आहे ११,९०४ युरो. जानेवारीत युरो ८८-८९ रुपयांना होता, तेव्हा हे साडेदहा लाख झाले असते. डिसेंबरात युरो १०५ च्या घरात होता, म्हणजे साडेबारा लाख. एकही कोर्स न बदलता, एकही दिवस जास्त न राहता दोन लाखांचा फरक!

जूनमध्ये युरो शंभरीच्या जवळ गेला तेव्हा त्याचे बाबा म्हणाले होते, ‘थांबू या, खाली येईल.’ तो आला नाही. त्या थांबण्याची किंमत जवळपास साठ हजार रुपये. ‘बाबा आता त्याबद्दल बोलत नाहीत, पण रोज युरो किती झाला ते विचारतात,’ असं तो सांगतो. आमची ट्रिप पुढे ढकलता येईल, त्याचा व्हिसा नाही. ज्याला पैसे भरायचेच आहेत त्याने रेट खाली यायची वाट बघणं म्हणजे नकळत सट्टाच खेळणं, हे त्याच्याकडे बघून कळलं. त्यापेक्षा रक्कम दोन-तीन टप्प्यांत घ्यावी. सगळी सगळ्यात स्वस्तात मिळणार नाही, पण सगळी सगळ्यात महागातही पडणार नाही.

गुगलचा रेट तुमच्यासाठी नसतो

आता येऊ खऱ्या खरेदीकडे. गुगलवर दिसतो तो बँकांच्या आपापसातल्या व्यवहाराचा भाव. आपल्याला तो मिळत नाही. मनी चेंजरच्या बोर्डावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात, ‘बाय’ आणि ‘सेल’. गंमत म्हणजे आपण विकत घ्यायला जातो, पण आपल्याला लागू होतो तो ‘सेल’. कारण बोर्ड दुकानदाराच्या बाजूने लिहिलेला असतो. पहिल्या दुकानात मी ‘बाय’चा आकडा बघून खूश झाले होते.

गुगलवर ९० दिसत होते त्या दिवशी मी तीन ठिकाणचे भाव घेतले. पुण्यात कॅम्पातल्या एका मनी चेंजरने ९१.२० सांगितला. एका बँकेच्या शाखेत ९२.५० मिळाला. त्याच दिवशी दुबईला निघालेल्या एका ताईने एअरपोर्टवरच्या काउंटरच्या बोर्डाचा फोटो पाठवला, तिथे ९७. तेच ५०० डॉलर पहिल्या ठिकाणी ४५,६०० रुपयांना, दुसऱ्या ठिकाणी ४६,२५० ला आणि एअरपोर्टवर ४८,५०० ला. म्हणजे २,९०० रुपयांचा फरक, तोही एकाच दिवशी. आमच्यातल्या एकीचा स्टायपेंड महिना १२ हजार आहे. तिचा जवळपास एक आठवडा एअरपोर्टच्या त्या काउंटरवर गेला असता. रुपया नव्वदवरून ८९ वर यायची वाट बघून वाचले असते फक्त ५००!

‘झिरो कमिशन’ अशी पाटी दिसली तर हुरळून जाऊ नका, कमिशन रेटमध्येच मुरवलेलं असतं. एकच प्रश्न विचारायचा, ‘सगळं धरून हातात ५०० डॉलर पडायला मी एकूण किती रुपये देणार?’ त्यात जीएसटीही आला. तो किरकोळ असतो, एक लाखापर्यंतच्या खरेदीवर रकमेच्या ०.१८ टक्के, कमीत कमी ४५ रुपये. आमच्या ४५,६०० वर साधारण ८२ रुपये.

‘ओळखीतला’ नको

चकरा मारताना एक ऑफर हमखास आली. ‘माझ्या ओळखीत एक जण आहे, बिलाशिवाय स्वस्तात देतो.’ आमच्या ग्रुपमध्येही एकाच्या काकांनी असा माणूस सुचवला. रेट खरंच चांगला होता. पण फेमा कायद्यानुसार परकीय चलन रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँकेकडून किंवा मनी चेंजरकडूनच घ्यायचं असतं. नियम मोडला तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि नोटा खोट्या निघाल्या तर दाद कोणाकडे मागणार, बिल कुठंय? परत आल्यावर उरलेले डॉलर विकतानाही पावती विचारली जाऊ शकते. काका थोडे रागावले, पण ‘नको’ म्हणून कळवलं.

परवानाधारकाकडे जाताना पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि व्हिसा लागत असेल तर तो न्यायचा. ए-टू नावाचा फॉर्म भरावा लागतो. खरेदी प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून करता येते. रोख रुपये देऊन ५० हजारांच्या आतलंच चलन घेता येतं, त्यापुढे बँकेतून किंवा कार्डने पैसे द्यायचे. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला जास्तीत जास्त ३,००० डॉलरइतक्या नोटा मिळतात, बाकीचे पैसे कार्डवर.

कॅश की कार्ड?

दोन्ही. नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं तर अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. ४५ हजारांच्या खर्चावर हे साधारण १,८५० रुपये होतात. मार्कअप न लावणारी कार्डंही आता आहेत, आपल्या कार्डाचे नियम एकदा तपासा.

फॉरेक्स कार्डात निघण्याआधीच चलन भरून ठेवता येतं आणि रेट तिथेच पक्का होतो. फक्त एक मेख आहे. कार्डात डॉलर भरले आणि खर्च बाटमध्ये केला तर चलन बदलण्याचं वेगळं शुल्क लागतं. त्यामुळे मिळत असेल तर थेट तिथलंच चलन भरायचं. एटीएममधून थोडे थोडे पैसे काढायची सवयही महागात पडते. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क लागतं, म्हणजे सहाशे रुपये. शंभर रुपये काढून वडापाव खायची आपली सवय तिथे नको.

आणि दुकानातल्या मशीनने ‘रुपयांत देणार की बाटमध्ये?’ असं विचारलं तर बाट निवडा. रुपये ओळखीचे वाटतात, पण तो रेट मशीनवाल्याचा असतो.

टीसीएसचा बागुलबुवा

‘परदेशात पैसे नेले की २० टक्के टॅक्स’ हे वाक्य या दिवसांत मी किमान पाच जणांकडून ऐकलं. ते अर्धवट आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. यातल्या प्रवासाच्या खर्चावर आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. त्यापुढच्या रकमेवर २० टक्के. ही मर्यादा आधी ७ लाख होती, १ एप्रिल २०२५ पासून १० लाख झाली. शिक्षणासाठी २०२५-२६ मध्ये १० लाखांपुढे ५ टक्के होता आणि ठरावीक वित्तसंस्थेकडून शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर काहीच नाही.

आपल्यासारख्यांना चिमटा बसतो तो टूर पॅकेजवर. तिथे २०२५-२६ मध्ये पहिल्या रुपयापासून ५ टक्के होता. ६० हजारांच्या पॅकेजवर ३ हजार. तिकीट आणि हॉटेल आपलं आपण वेगवेगळं बुक केलं तर ते पॅकेज धरलं जात नाही. आणि हे पैसे बुडतही नाहीत. ते आपल्या पॅनवर जमा दिसतात, रिटर्न भरलं की करातून वळते होतात किंवा परत मिळतात. पण उत्पन्न नाही म्हणून रिटर्नच न भरणाऱ्या विद्यार्थ्यांचे पैसे तसेच पडून राहतात. पॅन कोणाचा दिला हे लक्षात ठेवा आणि रिटर्न भरा.

सरकारचा डोळा इथे का, तेही समजून घेण्यासारखं आहे. २०२३-२४ मध्ये भारतीयांनी एलआरएसमधून सुमारे ३१.७ अब्ज डॉलर बाहेर नेले, त्यातले जवळपास १७ अब्ज फक्त प्रवासासाठी. शिक्षणापेक्षा कितीतरी जास्त. २०१३ मध्ये रुपया कोसळला तेव्हा ही मर्यादा दोन लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली होती, पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढली. म्हणजे रुपया अडचणीत आला की आपल्या सुट्ट्यांकडे लक्ष जातं. या वेळी अजून तसं झालेलं नाही.

मग आम्ही काय केलं?

प्रत्येकी ५०० डॉलरपैकी २५० डिसेंबरातच घेतले. १०० नोटांमध्ये, कारण इमिग्रेशनला कोणी पैसे दाखवा म्हटलं तर हातात असलेले बरे, आणि १५० चे बाट कार्डात भरले. उरलेले निघण्याच्या आठवडाभर आधी, भाव काहीही असो. नोटा कोऱ्या, न फाटलेल्या मागून घेतल्या, कारण मळक्या डॉलरला बाहेर भाव कमी मिळतो. पावत्यांचे फोटो ग्रुपवर टाकून ठेवलेत. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःकडे ठेवता येतात, त्यावरचं चलन १८० दिवसांत परत करावं लागतं. आमच्यावर ती वेळ येणार नाही.

ट्रिपमधून एक बेटावरचा दिवस कमी केलाय, बाट महागल्यामुळे. जर्मनीवाल्या मित्राच्या बाबांनी पहिला टप्पा भरला. आणि ग्रुपचं नाव बदललंय, ‘बँकॉक पक्कं, शॉपिंग बघू’!