पलंगावर बसून गायलेली गाणी

मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिचं टेबल आवरताना फिजिक्सच्या जर्नलखाली एक वही मिळाली. उघडायला नको होती, पण उघडली गेली. चार ओळी वाचल्या आणि घाईघाईनं मिटली. काळोख, पाणी, ‘मी नसले तर’ असलं काहीतरी होतं.

मी कॉलेजात मराठी शिकवते. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, असं गेली वीस वर्षं दर जूनमध्ये मुलांना सांगत आले आहे. पण अक्षर आपल्या पोटच्या पोरीचं असलं, की हे वाक्य काही कामाला येत नाही हो! दोन दिवस मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी चहा करता करता विचारलंच. ती आधी वही बघितल्याबद्दल चिडली (आणि ते रास्तच होतं), मग म्हणाली, “अगं आई, काही नाही गं. बिली आयलिश ऐकत होते ना, म्हणून तसं सुचलं. तू एकदा ऐक तरी.”

म्हणून ऐकलं. अल्बमचं नाव लांबलचक आहे, ‘व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?’ म्हणजे आपण सगळे झोपतो तेव्हा जातो कुठे? मार्च 2019 मध्ये तो आला, तेव्हा ही गायिका सतरा वर्षांची होती. डिसेंबर 2001 चा जन्म. गाणी तिनं आणि तिचा चार वर्षांनी मोठा भाऊ फिनीयस यानं मिळून रचली, आणि ध्वनिमुद्रणही बहुतांशी त्याच्याच झोपायच्या खोलीत झालं. लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागातलं त्यांचं छोटं घर. मुलांना दोन खोल्या दिलेल्या, आईवडील झोपायला बाहेरच्या खोलीत. आईवडील दोघेही नट, पण नावाजलेले नव्हेत. मिळेल ते काम करणारे. वडील सुतारकामही करत. मुलांना शाळेत घातलंच नाही, घरीच शिकवलं. आईनं शिकवलेल्या विषयांत गाणं कसं रचावं हाही एक विषय होता. आमच्या अभ्यासमंडळाला सुचवून बघावं म्हणते!

पहिलं गाणं ऐकलं आणि मी आवाज वाढवला. मुलगी म्हणाली, “वाढवू नकोस, ते तसंच आहे.” ही पोरगी गातच नाही, कुजबुजते. आपल्या भागातल्या कानांना खुल्या आकाराची सवय. कुमार गंधर्व इथल्या सुळेभावीचे, मन्सूर धारवाडजवळचे, भीमसेन गदगकडचे. गाणं म्हणजे छातीतून निघालेला आवाज, हे आपल्याकडे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. त्यामुळे माझी पहिली प्रतिक्रिया, “हिला आवाजच नाही की काय?” अशी होती.

ती चूक होती. आवाज आहे. लहानपणी ती लॉस एंजेलिसच्या नावाजलेल्या बालवृंदात गायलेली आहे. इथं ती हळू गाते ते मुद्दाम. पलंगावर बसून, मायक्रोफोन ओठांशी धरून हळू गायलं, की स्वरांबरोबर श्वास, जिभेचा स्पर्श, ओठ उघडल्याचा आवाज, सगळं टिपलं जातं. भाऊ त्यावर एकावर एक तिचेच आवाज चढवतो. खाली फक्त खर्जातला ठेका, आणि मध्ये बरीचशी मोकळी जागा. मंचावरून हे गाणं शेवटच्या रांगेपर्यंत जाणार नाही, पण इयरफोनमधून ते थेट कानात शिरतं. आपल्याकडेही हे एकदा घडून गेलंय. तंबूतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारं नाट्यगीत होतं, मग मायक्रोफोन आला, आणि भावगीत गाणाऱ्यांना आवाज खाली आणता आला. तेव्हाही जुन्या मंडळींनी नाकं मुरडली असणारच.

घरातले आणि बाहेरचे आवाजही या भावंडांनी सोडलेले नाहीत. ‘बॅड गाय’मधली टिकटिक ही ऑस्ट्रेलियात रस्ता ओलांडताना सिग्नलला वाजते ती. ‘बेरी अ फ्रेंड’मध्ये दातांच्या डॉक्टरकडचं यंत्र घरघरतं. ‘झॅनी’मध्ये आवाज मध्येच असा फाटतो, की मला वाटलं इयरफोन बिघडला. ते गाणं नशा करणाऱ्या समवयस्कांत बसून कंटाळलेल्या मुलीचं आहे. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर तोंडावर यावा, तसं ते ऐकताना वाटावं अशी त्यांची इच्छा होती. नशेला ‘नको’ म्हणणारं गाणं पोरं आवडीनं ऐकतात, हे आमच्या जागृती-सप्ताहातल्या भाषणांपेक्षा बरंच झालं.

सगळंच आवडलं असं नाही. चौदा गाण्यांत मधली तीन-चार एकसारखी वाटतात. ‘माय स्ट्रेंज अॅडिक्शन’मध्ये ‘द ऑफिस’ या विनोदी मालिकेतले संवाद घातलेत, त्याची गंमत ती मालिका पाहणाऱ्यांनाच. आणि खोलीत बसून केलेल्या अल्बमची परीकथा सांगतात, तीही थोडी बेतानं घ्यावी. 2015 मध्ये ‘ओशन आइज’ हे गाणं त्यांनी इंटरनेटवर टाकलं, ते खरंच तिच्या नृत्यशिक्षकासाठी होतं, आणि ती तेरा वर्षांची होती. पण 2019 पर्यंत पाठीशी मोठी कंपनी होती, आणि गाण्यांचं मिक्सिंग रॉब किनेल्स्की या मुरलेल्या तंत्रज्ञानं केलं. तरीही भावंडांची कमाल उरतेच. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात या अल्बमची मोजदाद 3 लाख 13 हजारांवर गेली, आणि जानेवारी 2020 मध्ये ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार एकाच रात्री तिला मिळाले. तिचं वय तेव्हा अठरा.

पण मी ऐकायला बसले होते ते यासाठी नव्हे. माझं लक्ष शब्दांकडे होतं. ‘बेरी अ फ्रेंड’ ऐकून तर मी घाबरलेच. मुलगी म्हणाली, “आई, बोलतोय कोण ते बघ ना. पलंगाखालचा राक्षस बोलतोय.” खरंच तसं आहे. आपल्या लहानपणी पलंगाखाली जो कुणी असायचा, त्याच्या तोंडून ते गाणं आहे, आणि हळूहळू कळतं की हा राक्षस म्हणजे तीच. माझं वीस वर्षांचं वाक्य मला माझ्याच मुलीनं शिकवलं.

शेवटाकडे ‘लिसन बिफोर आय गो’ आहे. त्याच्यापुढे मात्र राक्षसाची सबब चालत नाही. त्यात जग सोडून जाण्याची भाषा आहे आणि ती सरळ आहे. या मुलीनं त्या वयात नैराश्य भोगलं होतं, हे तिनं पुढे उघडपणे सांगितलंय. तेराव्या वर्षी खुब्याला दुखापत झाली, नाच सुटला, तिथून ते सुरू झालं. ‘द वर्ल्ड्स अ लिटल ब्लरी’ हा तिच्यावरचा माहितीपट 2021 मध्ये आला, त्यात याच गाण्याबद्दल आई आणि मुलगी बोलताना दिसतात. आईला ते शब्द खटकतात, तसं ती म्हणतेही. मुलीचं म्हणणं असं, की हे लिहिलं म्हणूनच ते करावं लागत नाही. आई गप्प बसत नाही, गाणं थांबवतही नाही. घरातच राहते, ऐकत राहते. तो प्रसंग मी दोनदा मागे घेऊन पाहिला.

आता, लिहिणारं प्रत्येक मूल लिहून मोकळं होतं, असं मी म्हणणार नाही. कॉलेजात मी वेगळंही पाहिलंय. मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, मैत्रिणींत जाईनासं झालं, तर कविता-बिविता बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. म्हणून मी मुलीला आडून आडून नाही, सरळच विचारलं, “तुला खरंच असं कधी वाटतं का?” ती जरा थांबली. म्हणाली, “परीक्षेच्या आधी वाटलं होतं. दोन दिवस. मग लिहिलं.” “मला का नाही सांगितलंस?” “तू पेपर तपासत होतीस.”

यावर मला काही बोलता आलं नाही.

अल्बम संपतो ‘गुडबाय’नं. दोन मिनिटांचं गाणं. त्यात आधीच्या गाण्यांतली एकेक ओळ उलट्या क्रमानं येते, शेवटच्यापासून पहिल्याकडे. हे मला मुलीनं दाखवलं. त्या रात्री आम्ही एकच इयरफोन दोघींत घेऊन ते ऐकलं, डावा तिला, उजवा मला. ओळ आली की कुठल्या गाण्यातली ते ओळखायचं. तिनं सगळ्या ओळखल्या, मी पाच. वही टेबलावरच होती, जर्नलच्या वर. या खेपेला मी ती उघडली नाही. तिनंच एक पान काढून, बोटानं वरच्या दोन ओळी झाकून, खालचं वाचायला दिलं.